दुसरी किल्ली

कुलूप विकताना भाऊजी गिऱ्हाइकाच्या हातावर दोन किल्ल्या ठेवत आणि वर एक तंबी देत. "एक खिशात ठेवा. दुसरी घरात ठेवू नका. कपाटात नको, डब्यात नको, पायपुसण्याखाली तर अजिबात नको. दुसरी किल्ली दुसऱ्याच्या घरी. तेवढ्या भरवशाचं माणूस नसेल तर आधी माणूस शोधा, कुलूप मग न्या." बहुतेक गिऱ्हाइकं हसत. एखादं मात्र खरंच विचारात पडे आणि कुलूप न घेताच निघून जाई. मग आतल्या खोलीतून वहिनी ओरडत, "भाऊजी, आपण कुलपं विकतो की प्रवचनं?"

वहिनी म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको. थोरले अचानक गेले आणि दुकानाच्या मागच्या खोलीतली त्यांची हिशेबाची खुर्ची बरेच दिवस रिकामी राहिली. मग एका सकाळी वहिनी आल्या आणि तिच्यावर बसल्या. कुणी बसा म्हटलं नाही, कुणी उठा म्हटलं नाही. तेव्हापासून हिशेब त्यांचा. आधी हाताने, पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा कॉम्प्युटरवर. त्या वयात त्या माऊस धरायला शिकल्या. पहिला आठवडा माऊस टेबलाच्या कडेवरून खाली पडत होता, पण त्यांनी चिकाटी सोडली नाही. आता तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांची बोटं अशी फिरत, जशी एखाद्या बाईची आपल्या स्वयंपाकघरातल्या फळीवर फिरतात. अंधारातसुद्धा मीठ कुठे आणि साखर कुठे हे माहीत.

अडचण एकच होती. ते सॉफ्टवेअर त्या एका कॉम्प्युटरमध्ये होतं, तो कॉम्प्युटर त्या मागच्या खोलीत होता, आणि लेकीला जुळं झालं होतं दुसऱ्या गावी.

लेकीची बाळंतपणाची रजा संपत आली. तिचा फोन आला, "आई, तू येशील का गं, निदान ही दोघं चालायला लागेपर्यंत?" प्रश्न पुरा व्हायच्या आत वहिनी हो म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं, आणि हिशेबाचं काय, हा प्रश्न तेव्हा समोर आला.

बातमी दुकानाच्या करसल्लागाराला कशी कळली कोण जाणे, पण तो दुसऱ्याच दिवशी हजर. हा गृहस्थ तोंडात कायम खोकल्याची गोळी ठेवून बोलायचा, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य जरा गोड आणि जरा थंड लागे. त्याने कॉम्प्युटरवर पेटीवर थोपटावं तसं थोपटलं.

"हे असं करा भाऊ. हा सगळा संसार माझ्या ऑफिसात पाठवून द्या. माझी माणसं बघतील. वहिनींनी आता नातवंडं खेळवावीत. किती करायचं त्यांनी?"

तो मोठ्या मायेने बोलला. वहिनींना मात्र भरल्या ताटावरून कुणी दंड धरून उठवावं तसं झालं.

"मी तिथून करीन," त्या म्हणाल्या.

"तिथून कसं करणार?" भाऊजी, करसल्लागार आणि पुढे मशीनवर किल्ली कापत असलेली धाकटी जाऊ, म्हणजे भाऊजींची बायको, तिघंही एकदमच म्हणाले.

"ते मला माहीत नाही. पण करीन."

भाऊजी मनाने वाईट नव्हते, फक्त घाबरट होते, आणि घाबरट माणसाला मुदत घालून दिली की बरं वाटतं. त्यांनी निवाडा केला. या महिन्याचं कराचं रिटर्न वहिनींनी तिकडून वेळेत भरलं, तर हिशेब वहिनींचा. नाही जमलं तर कॉम्प्युटर उचलून करसल्लागाराकडे. करसल्लागाराने गोळी या गालातून त्या गालात सरकवली आणि म्हणाला, "वाट बघतो."

जावयाला विचारलं तर तो म्हणाला, "आई, सगळं क्लाउडवर टाका."

भाऊजींना हे कळल्यावर ते म्हणाले, "ढगात? माझं दुकान जमिनीवर आहे. हिशेबही जमिनीवरच राहील."

मग वहिनींनीच डोकं चालवलं आणि इमारतीच्या जिन्याखालच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातली बाई बोलावून आणली. ही पस्तिशीतली, फार भराभर बोलणारी, केसांत स्क्रू-ड्रायव्हर खोचून फिरणारी. भाऊजी तिला इंजिनियरबाई म्हणत. आधी टोमणा म्हणून, नंतर खरंच.

"लॅपटॉपवर हिशेब उतरवून घेतला आणि घेऊन गेले तर?" वहिनींनी विचारलं.

"मग हिशेब दोन होतील," इंजिनियरबाई म्हणाली. "तुम्ही तिकडे एकात लिहाल, या काकू इकडे दुसऱ्यात लिहितील. महिन्याने दोन्ही समोरासमोर ठेवले की खरा कुठला ते देवालाही सांगता येणार नाही. त्यापेक्षा हिशेब इथेच राहू दे. तुम्हीच तिथून इथे येत जा."

"म्हणजे कशी येऊ?"

"तुमच्या लॅपटॉपवर हाच पडदा दिसेल. तुम्ही तिकडे माऊस हलवला की इकडे हलेल. खुर्ची तेवढी तिकडची, बाकी सगळं इथलं. काही लोक त्यासाठी राउटरला सरळ भोक पाडून ठेवतात, मग इंटरनेटवरून कुणीही आत डोकावतं. मी नाही पाडत. मी बोगदा करते."

इतका वेळ भाऊजी तेलाची कुपी हातात घेऊन ऐकत होते. त्यांनी कुपी खाली ठेवली. "भोक नको पण बोगदा चालेल? इंजिनियरबाई, मी जन्मभर कुलपं विकली. चोर भोकातून येत नाही, तो बोगद्यातूनच येतो."

"या बोगद्याच्या तोंडाशी दोन कुलपं आहेत काका. एक पासवर्डचं. आणि दुसरं, वहिनींच्या फोनवर दर वेळी एक आकडा येईल, त्याचं. तो टाकला तरच दार उघडणार."

"आकडा दर वेळी तोच?"

"दर वेळी नवा. जुना पुन्हा चालत नाही."

भाऊजींनी कुपी पुन्हा उचलली. त्यांनी आतापर्यंत एका कुलपाची एक किल्ली पाहिली होती, एकीच्या दोन पाहिल्या होत्या. पण दर वेळी नवीन घडणारी आणि वापरली की मरून जाणारी किल्ली म्हणजे भलतंच. ते हळूच म्हणाले, "बसा ना, इंजिनियरबाई. चहा घ्याल?" आणि वहिनींना कळलं, अर्धी लढाई आपण जिंकलो.

वहिनी लेकीकडे पोचल्या. जुळ्यांपैकी एकाचा आवाज ट्रकच्या भोंग्यासारखा होता आणि दुसरीचा शिट्टीसारखा, म्हणून घरात त्यांची नावं भोंगा आणि शिट्टी अशीच पडली होती. कागदावर दुसरी चांगली नावं असतील, पण ती कुणी वापरत नव्हतं.

पहिल्या दिवशी पासवर्डचा गोंधळ झाला. भाऊजींनी तो स्वतः तयार केला होता आणि कुणाच्या हाती द्यायला नको म्हणून फोनवर सांगायचं ठरवलं होतं. इकडे भोंगा रडत होता, तिकडे धाकटीचं किल्ली कापायचं मशीन किरकिरत होतं. वहिनींना ऐकू येईना, म्हणून भाऊजींनी आवाज चढवला, मग आणखी चढवला. शेवटी समोरचा औषधवाला रस्त्यापलीकडून ओरडला, "भाऊ, मधलं अक्षर मोठं की लहान? बाकीचा मला पाठ झाला!"

भाऊजींनी तो पासवर्ड तिथल्या तिथे रद्द केला. नवा त्यांनी कुजबुजत सांगितला, तो तर मुळीच ऐकू आला नाही. शेवटी धाकटीने गुपचूप मेसेज करून टाकला. खाली तिने लिहिलं होतं, "ताई, वाचून पुसून टाका, नाहीतर हे घराला आग लावतील."

वहिनींनी पासवर्ड टाकला, फोनवरचा आकडा टाकला, आणि जेवणाच्या टेबलावर, दुधाच्या बाटल्यांच्या मध्ये, दुकानाचा पडदा उजळला. तीच चित्रं, त्याच ओळीत. डाव्या कोपऱ्यात त्यांनी कधीतरी चुकून बनवलेली आणि पुसायची राहिलेली 'नवीन नवीन' नावाची फाइल. तेलाचा आणि पितळेच्या चुऱ्याचा वास सोडला तर अख्खी मागची खोली लेकीच्या घरात येऊन बसली होती. वहिनींचे डोळे भरून आले. लेकीने विचारलं तर त्या म्हणाल्या, "चष्मा पुसायला हवाय."

पण त्या पडद्यावर हिशेब नव्हता, पत्ते होते. कुणीतरी एकट्याने खेळायचा डाव मांडून बसलं होतं. वहिनींनी पाहिलं, बदामची नव्वी उघडी होती आणि बाजूला किलवरची दश्शी तिची वाट बघत होती. खेळणाऱ्याच्या लक्षातच येत नव्हतं. त्यांना राहवेना. त्यांनी माऊस नेला, नव्वी उचलली आणि दश्शीवर ठेवली.

क्षणात फोन वाजला. "वहिनी! कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी शिरलंय! पत्ते आपोआप हलतायत!"

"मीच शिरलेय भाऊजी. सकाळी दुकानात बसून हेच करता वाटतं?"

पलीकडे खुर्ची घाईने सरकल्याचा आवाज आला. मग भाऊजी म्हणाले, "गिऱ्हाईक आलंय," आणि फोन ठेवला. मागून धाकटीचं हसू मात्र ऐकू आलं.

इथवर सगळं लोण्यासारखं झालं. खरा तिढा पुढेच होता.

लेकीची रजा संपली, आणि सकाळी वहिनींना लॅपटॉपकडे बघायलाही फुरसत मिळेना. लेक आतल्या खोलीत दार लावून ऑफिसच्या कामाला बसे, जावई बाहेर पडे, आणि भोंगा आणि शिट्टी मिळून वहिनींची वरात काढत. एकाला झोपवावं तर दुसरी उठे. संध्याकाळी दोघांनाही कडेवरच राहायचं असे. दोघंही एकाच वेळी गाढ झोपत ती फक्त दुपारी, जेवणानंतर. तेवढीच वहिनींची वेळ. धाकटी सकाळी बिलांचे फोटो पाठवून ठेवी. प्रत्येक फोटोत तिचा अंगठा असे, आणि नेमका आकड्यावर. जावेच्या अंगठ्याखालचा आकडा ओळखायला वहिनी आता सरावल्या होत्या, न जमलं तर फोन करून विचारत. त्या दुपारी पाय न वाजवता टेबलापाशी येत, पासवर्ड टाकत, आणि पडद्यावर ओळ येई: समोरचा कॉम्प्युटर सापडत नाही.

एक दिवस झालं, समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी बघावं तर कॉम्प्युटर छान सापडे, पण तेव्हा वहिनींच्या एका हातात भोंगा आणि दुसऱ्या हातात शिट्टी.

मग दोषांची चेंडूफळी सुरू झाली. भाऊजी म्हणाले, तुमच्या जावयाचं इंटरनेट रडकं आहे. जावई दुखावला आणि म्हणाला, आमचं नाही, दुकानाचं राउटर म्हातारं झालंय. इंजिनियरबाईने राउटर बदलून दिलं. ती म्हणाली, "मी झोपेची सेटिंग पण काढलीय, वहिनी. तो कॉम्प्युटर आता झोपूच शकत नाही." तरी दुपारी तो सापडेना. इंजिनियरबाई भाऊजींना विचारी, "काका, कॉम्प्युटर तुम्ही बंद करता का?" भाऊजी छातीवर हात ठेवून सांगत, "त्याच्या बटणाला मी बोटही लावत नाही." आणि ते खरं होतं. खोटं बोलणारा माणूसच नव्हता तो.

रिटर्नची तारीख जवळ यायला लागली. करसल्लागार रोज दुकानात फोन करून विचारी, "काय भाऊ, गाडी पाठवू का?" आणि भाऊजी ते वहिनींना जसंच्या तसं सांगत, कारण मनात काही ठेवायची त्यांना सवय नव्हती. लेक म्हणाली, "आई, दे ना सोडून. तेवढीच तुला विश्रांती." वहिनींनी बाटल्या अशा आपटून धुतल्या की लेकीने तो विषय पुन्हा काढला नाही.

त्या दुपारी वहिनी शिट्टीला मांडीवर घेऊन थोपटत होत्या. कॉम्प्युटर सापडत नव्हता, म्हणून लॅपटॉप बाजूला सारला होता. आत्ता दुकानात काय चाललं असेल? जेवायची सुट्टी. धाकटी मशीनवर कापड टाकत असेल. भाऊजी पुढचा दिवा घालवतील. मग पंखा; त्या पंख्याला थांबताना खडखडायची खोड. मग...

खट्.

वहिनींचा हात शिट्टीच्या पाठीवरच थांबला.

मेन स्विच! पंख्यानंतर भाऊजी दाराशेजारचा मेन खाली ओढतात. मग शटर, मग कुलूप, मग कुलपाला दोन हिसके. गेली कित्येक वर्षं, दुपारी आणि रात्री, त्याच क्रमाने. शेजारच्या गादीवाल्याचं दुकान वायर जळून भर दुपारी खाक झालं, तेव्हापासूनची ही रीत. परत आल्यावर भाऊजी मेन वर करतात आणि धाकटी कॉम्प्युटर सुरू करते. म्हणजे त्याच्या बटणाला भाऊजी बोट लावत नाहीत हे अगदी खरं. ते अख्ख्या दुकानाचीच वीज काढून घेतात! आणि वहिनी रोज त्या स्विचच्या हातभर अंतरावर चपला घालत उभ्या असायच्या. भाऊजी आजारी पडले तेव्हा तर त्यांनी स्वतः तो मेन ओढला होता. श्वास घेतो हे जसं कुणी कुणाला सांगत नाही, तसं ते खट् कुणाला सांगायचं सुचलंच नव्हतं.

त्यांना आधी हसू आलं. मग रडू आलं. मग त्यांनी फोन लावला.

"मेन चालू ठेवून दुकान बंद करू?" भाऊजींचा आवाज चिरकला. "वहिनी, गादीवाल्याचं विसरलात? त्याची बायको रस्त्यावर कशी बसली होती ते तुम्हीच आलात ना सांगत?"

"विसरले नाही."

"मग मला सांगूच नका. दुसरं काहीही सांगा."

"दुसरं एकच आहे," वहिनी म्हणाल्या. "करसल्लागाराला म्हणावं, गाडी पाठवा."

त्या हे धमकी म्हणून बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच दुसरं काही दिसत नव्हतं. पण हिशेबाच्या त्या खुर्चीवर आधी भाऊजींचा भाऊ बसत असे.

"उद्या बघतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी स्वतःशी घोकत दुकान बंद करायला उठले, "आज मेन नाही, आज मेन नाही." दिवा घालवला. पंखा घालवला. खट्.

"अहो!" धाकटी ओरडली.

"अरेच्चा," भाऊजी म्हणाले आणि हाताकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. त्यांनी मेन वर केला, शटर ओढलं, कुलूप लावलं, दोन हिसके दिले आणि चार पावलं गेल्यावर त्यांना वाटलं, आपण काहीतरी विसरलो. परत फिरले, कुलूप काढलं, आत गेले, खट्.

धाकटीने संध्याकाळी हे सगळं वहिनींना फोनवर नाटकासारखं करून दाखवलं. "ताई, यांचा हात यांचंच ऐकत नाही. माझं काय ऐकणार!"

शेवटी पुन्हा इंजिनियरबाई आली, सोबत वायरमनला घेऊन. तिने डोक्यातला स्क्रू-ड्रायव्हर काढून भिंतीवर रेघ ओढून दाखवली. "काका, अख्खं दुकान चालू ठेवायचंच नाही. कॉम्प्युटर आणि राउटर, दोघांपुरती वेगळी लाइन घेऊ. तिचा स्विच या छोट्या डब्यात. वायर जरा जरी तापली, काही जळायला लागलं, की हा स्विच आपोआप खाली पडतो. तुमचा मेन तुम्ही खुशाल ओढा. दिवा, पंखा, मशीन सगळं बंद. हा तेवढा जागा राहील."

"आपोआप पडतो? माणूस नसताना?"

"माणूस नसतानाच तर पडायला हवा."

भाऊजींनी वायरमनला तो स्विच मुद्दाम पाडून दाखवायला लावला. मग पुन्हा लावला. मग म्हणाले, "आणखी एकदा." वायरमन कंटाळला, पण भाऊजींच्या कपाळावरची आठी गेली. शाळेतल्या मास्तरांनी उत्तर बरोबर म्हटल्यावर पोराचा चेहरा होतो, तसा त्यांचा चेहरा झाला.

तरी दुसऱ्या दिवशी दुपारी काय झालं? दिवा, पंखा, खट्, आणि शेजारीच नवा छोटा डबा दिसला, म्हणून त्याचंही झाकण उघडून, खट्. हाताला जोडीने कामं करायची गोडी लागली होती.

तारखेला आता थोडेच दिवस उरले होते. त्या संध्याकाळी भाऊजींनी वहिनींना फोन केला नाही. धाकटी पुढचं नंतर सांगे. ते दुकानात बराच वेळ त्या डब्यासमोर हाताची घडी घालून उभे राहिले. मग शिडी चढून वरच्या फळीवरून त्यांनी एक कुलूप काढलं. लहान, पितळेचं, जड. ते विकायचं नव्हतं. थोरल्यांनी दुकान सुरू केलं तेव्हाच्या पहिल्या पेटीतलं ते एक होतं आणि भाऊजी कधी कधी त्याला नुसतं तेल घालून परत ठेवत. त्यांनी डब्याच्या झाकणाला कडी ठोकली. स्विच वर आहे हे पाहिलं, झाकण लावलं आणि कुलूप अडकवलं.

"चोरांसाठी?" धाकटीने विचारलं.

"माझ्यासाठी," भाऊजी म्हणाले आणि एक किल्ली तिच्या हातावर ठेवली. "कितीही मागितली तरी दुपारी द्यायची नाही. आग लागली तर तेवढी उघड."

"आणि दुसरी? तुमच्याकडे?"

"माझ्याकडे असली तर कुलूप कशाला लावलं?"

त्या दिवसापासून कुलूपवाल्याच्या दुकानात एक कुलूप असं झालं की ज्याची किल्ली कुलूपवाल्याकडे नव्हती. दुसऱ्या दुपारी हाताने दिवा घालवला, पंखा घालवला, मेन ओढला आणि सवयीने डब्याकडे गेला. तिथे पितळ लागलं. हात थबकला. धाकटी सांगते, त्यांनी कुलपाला दोन हिसके दिले, समाधानाने मान हलवली आणि जेवायला निघाले.

त्याच वेळी, दुसऱ्या गावी, भोंगा आणि शिट्टी एकमेकांच्या पायावर पाय टाकून झोपली होती. वहिनींनी पासवर्ड टाकला. आकडा टाकला. ती नेहमीची ओळ येणार म्हणून डोळे बारीक केले. पडदा उजळला. अंधाऱ्या, बंद, कुलूप लावलेल्या दुकानात त्या एकट्याच आत होत्या.

मग मात्र त्यांनी मागे पाहिलं नाही. अंगठ्याखालच्या आकड्यांसकट साठलेली सगळी बिलं चढवली. दुपारी सुरू करत, पहिली शिट्टी वाजली की आवरत. शेवटच्या दुपारी एक बेरीज जुळेना; त्या नखं खात बसल्या आणि मग सापडलं, धाकटीने एकच बिल दोनदा पाठवलं होतं, एकदा डाव्या अंगठ्यासकट आणि एकदा उजव्या. वहिनींनी ते काढलं. रिटर्न गेलं. मुदतीच्या आत गेलं.

त्यांनी भाऊजींना फोन लावला तेव्हा सुट्टी संपून दुकान नुकतंच उघडलं होतं आणि करसल्लागार तिथेच होता. भाऊजींनी फोन उचलून तसाच टेबलावर ठेवला असावा, कारण वहिनींना सगळं ऐकू आलं.

"भाऊ, बाहेर गाडी उभी आहे," गोळी गालात फिरली. "हे यंत्र उचलू ना? खुर्ची तर रिकामीच आहे."

"कुठली खुर्ची?"

"ही. वहिनींची."

"रिकामी नाही ती," भाऊजी म्हणाले. "नीट बघा. माऊस हलतोय."

वहिनींनी लगेच माऊस हलवला. गोल गोल फिरवला, वर नेला, खाली आणला. तिकडे करसल्लागाराची गोळी बहुतेक घशात गेली, कारण तो बराच वेळ खोकत होता आणि धाकटी "पाणी देऊ का, पाणी?" असं फार आनंदाने विचारत होती.

पुढच्या आठवड्यात वहिनींच्या नावाने कुरियर आलं. छोटंसं पाकीट, पण चिकटपट्ट्या इतक्या की उघडायला सुरी लागली. आत कापसात गुंडाळलेली पितळेची एक किल्ली. चिठ्ठी नाही, काही नाही. किल्लीला तेल घातलेलं होतं; कापूस पिवळा झाला होता आणि मागच्या खोलीचा वास जेवणाच्या टेबलावर पसरला.

वहिनींनी फोन केला. "अहो भाऊजी, एवढ्या लांबून मी तुमचा डबा उघडणार कशी?"

"उघडायची नाहीच आहे. ठेवायची आहे."

"मग मलाच का?"

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "इतकी वर्षं आत बसून गिऱ्हाइकांना मी काय सांगतो ते ऐकलं नाहीत काय? दुसरी किल्ली दुसऱ्याच्या घरी."

शिट्टीने तेवढ्यात किल्लीवर झडप घातली होती आणि तिच्या मुठीतून ती सोडवायची होती. सोडवली, पुसली आणि लेकीच्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून टाकली.

"आणखी एक," भाऊजींचा आवाज जरा कडक झाला. "काल दुपारी माझ्या मांडलेल्या डावातला राजा कुणी हलवला?"

"हॅलो? भाऊजी? आवाज तुटतोय तुमचा," वहिनी म्हणाल्या. "ते राउटर बघा जरा!"